हॉलसँड्सचा किनारा कुणी नेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॉलसँड्स या उद्ध्वस्त गावाचं छायाचित्र आलं आहे. खाली ओळ आहे, 'एका रात्रीत समुद्रानं गिळलेलं गाव'. छायाचित्र उत्तम, ओळ मात्र दुरुस्त करायला हवी. घरं पडली ती २६ जानेवारी १९१७ च्या वादळात, हे खरं. पण त्या घरांपुढचा किनारा त्याच्या कितीतरी आधी, सरकारी परवान्यानिशी, बोटींत भरून नेण्यात आला होता. त्या वेळी परवाना देणाऱ्यांनी जे गृहीत धरलं, की काढलेला माल आपोआप भरून येतो, तेच आज मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा या बेळगाव भागातल्या आपल्या नद्यांच्या वाळूबाबत धरलं जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी जागा समजून घेऊ. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडे डेव्हन हा परगणा. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर स्टार्ट बे नावाचा उपसागर आहे. उत्तरेकडून स्लॅप्टन, टॉरक्रॉस, बीसँड्स अशी गावं लागत जातात आणि दक्षिणेला स्टार्ट पॉइंट हे खडकाळ भूशिर समुद्रात घुसतं. त्यावर १८३६ साली बांधलेलं दीपगृह आहे. हॉलसँड्स या भूशिराच्या जवळच, कड्याच्या पायथ्याशी वसलेलं होतं. तिकडे वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो आणि तो भूशिर अडवतं. पूर्वेकडून मात्र गाव उघडं. समोर समुद्रात स्केरीज नावाचा वाळूचा बुडीत दांडा आहे, तो लाटांचा थोडा जोर मोडतो. पण पूर्वेचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली की गावाची मदार एकाच गोष्टीवर असायची, ती म्हणजे घरांपुढचा गोट्यांचा रुंद किनारा.

तिथे १५०६ च्या आधीपासून एक प्रार्थनामंदिर होतं. वस्ती बहुधा १६०० नंतरची आणि ती वाढली अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. १८९१ साली गावात ३७ घरं, १५९ माणसं, गोड्या पाण्याचा एक झरा आणि लंडन इन नावाची एक खानावळ-कम-गुत्ता होता. धंदा मासेमारीचा, त्यातही खेकड्यांचा. होड्या ओढून ठेवायला, जाळी वाळवायला, खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करायला जागा एकच, तोच किनारा. लाट आली की होडीची दोरी तोंडात धरून किनाऱ्याला आणणारे न्यूफाउंडलँड जातीचे कुत्रे तिथल्या कोळ्यांनी पाळलेले असत.

घरं कशावर उभी होती, हे इथे फार महत्त्वाचं आहे. कड्याखाली खडकाची एक पायरी होती. पण ती सलग नव्हती. खडकाच्या उंचवट्यांमधल्या खाचा प्राचीन काळच्या किनाऱ्याच्या घट्ट बसलेल्या वाळू-गोट्यांनी भरलेल्या होत्या. म्हणजे एकाच घराची एक भिंत पक्क्या खडकावर आणि दुसरी त्या भरावावर, असा प्रकार. भरावाला पाणी लागत नव्हतं तोवर काहीच बिघडत नव्हतं, कारण पुढे किनारा होता.

आता ठेका. प्लिमथजवळ डेव्हनपोर्टला ब्रिटिश नौदलाची गोदी आहे. १८९६ पासून तिचा कीहॅमचा विस्तार सुरू झाला आणि १९०७ पर्यंत चालला. ठेकेदार होते सर जॉन जॅक्सन यांची कंपनी. गोदीच्या भिंतींना काँक्रीट अफाट लागणार, काँक्रीटला खडी आणि वाळू लागणार, आणि ती समुद्रमार्गे सर्वांत स्वस्त पडणार. बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्यानं १८९६ मध्ये हॉलसँड्स ते बीसँड्सच्या दरम्यान भरतीरेषेखालचा माल उचलायचा परवाना दिला. गावकऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच आला नाही. एप्रिल १८९७ मध्ये वाफेवरचे ड्रेजर, म्हणजे तळाचा माल उपसणाऱ्या बोटी, लागले. दिवसाला १६०० टनांपर्यंत माल निघू लागला. एकूण उपसा साडेसहा लाख टनांचा मानला जातो.

आपल्या मापात सांगायचं तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, सैल वाळू धरली तर साधारण साडेचार टन. त्या हिशोबानं दिवसाचे साडेतीनशे ब्रास आणि एकूण जवळपास १,४४,००० ब्रास. तीन ब्रासचा टिप्पर धरला तर रोजच्या सव्वाशेच्या आसपास खेपा, त्याही एका छोट्या गावासमोरच्या पट्टीतून.

गावानं लगेच तक्रार केली. चौकशी झाली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याचं मत पडलं की धोका विशेष नाही. ठेकेदाराकडून मच्छीमारांना काम चालू असेपर्यंत वर्षाला १२५ पौंड देण्याचं ठरलं आणि ड्रेजर पुन्हा चालू झाले. या सगळ्यामागचा समज असा होता की समुद्र जितका माल उचलला जाईल तितका पुन्हा आणून टाकेल. खड्डे भरतही होते. आज काढलेला खड्डा काही भरत्यांनंतर दिसेनासा व्हायचा. तेवढं बघणाऱ्याला पुरावा मिळाल्यासारखं वाटणार.

पण खड्डा भरत होता कशानं? वरच्या उतारावरचे गोटे घसरून खाली येत होते. गोट्यांचा किनारा स्वतःचा एक उतार धरून असतो. पायथा काढला की वरचा माल खाली सरकतो आणि सगळा किनाराच बुटका होतो. बाहेरून येणारी आवक शून्य होती. याचं कारण भूगर्भात आहे. स्टार्ट बेचे गोटे बहुतांश चकमकीच्या दगडाचे. चकमक तयार होते खडूच्या खडकात. हॉलसँड्सच्या मागचे कडे शिस्टचे, म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या अभ्रकी खडकाचे. ते हजार वर्षं झिजले तरी त्यातून चकमकीचा एक गोटा निघणार नाही. हा सगळा साठा शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र शंभर मीटरहून जास्त वर चढला तेव्हा तळावरून ढकलत ढकलत आणलेला. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र स्थिरावला आणि ती आवक संपली. किनारा म्हणजे उत्पन्न नव्हे, वडिलोपार्जित ठेव होती. ठेकेदारानं ती मोडली आणि सरकारनं तिला व्याज समजून सही केली.

परिणाम दिसायला तीन वर्षं लागली. १९०० च्या शरदातल्या वादळात संरक्षक भिंतीचा काही भाग गेला. नोव्हेंबर १९०० मध्ये गावकऱ्यांनी आपले खासदार फ्रँक मिल्डमे यांच्याकडे घरांना तडे जात असल्याचा अर्ज केला. मार्च १९०१ मध्ये किंग्जब्रिजच्या ग्रामीण मंडळानं रस्ता खचतोय म्हणून बोर्ड ऑफ ट्रेडला लिहिलं. सप्टेंबर १९०१ मध्ये दुसरा अधिकारी येऊन गेला आणि त्यानं उपसा थांबवावा असं लिहून दिलं. ८ जानेवारी १९०२ रोजी परवाना रद्द झाला. तोवर किनाऱ्याची पातळी सुमारे चार मीटरनं खाली गेली होती. १९०२ मध्ये ती थोडी सावरल्यासारखी वाटली आणि त्याच हिवाळ्यातल्या वादळांनी पुन्हा खाली नेली. प्लिमथचे स्थापत्य अभियंते रिचर्ड हॅन्सफोर्ड वर्थ यांनी पुढची अनेक वर्षं तिथल्या पातळ्यांचा अभ्यास करून लिहिलं. आज आपल्याला जे नेमकं माहीत आहे ते बरंचसं त्यांच्यामुळे.

चार मीटरनं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. साधा नियम आहे. उथळ पाण्यात लाट पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपटीहून जास्त उंच राहू शकत नाही, त्याआधीच फुटते. भिंतीपुढे भरतीला एक मीटर पाणी असेल तर भिंतीवर येणारी लाट पाऊण मीटरची. तळ चार मीटरनं खाली गेला की तिथेच पाणी पाच मीटर, आणि भिंतीवर पावणेचार मीटरपर्यंतची लाट न फुटता पोचू शकते. शिवाय गोट्यांच्या किनाऱ्यावर चढलेलं पाणी फटींतून जिरतं आणि परतीचा ओढा कमी होतो. उघड्या खडकावर जिरायला काही नसतं. लाट भिंतीवर आपटते, परत फिरते आणि जाताना पायाखालचं घेऊन जाते. भिंत कितीही जाड काँक्रीटची बांधली तरी ती वरून मोडत नाही, खालून पोकळ होते. उपसा थांबल्यानंतर हॉलसँड्सला भिंती बांधून दिल्या होत्या. त्या पंधरा वर्षांच्या आत निकामी झाल्या.

२६ जानेवारी १९१७ ला पूर्वेकडून वादळ आलं आणि त्याच वेळी मोठी भरती होती. खाचांमधला भराव धुऊन निघाला आणि घरं पुढच्या बाजूनं कोसळली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. त्या वर्षाअखेरीस राहण्याजोगं एकच घर उरलं. नुकसानभरपाईसाठी गावकऱ्यांना सात वर्षं भांडावं लागलं. एलिझाबेथ प्रेटीजॉन ही कोळीण मात्र शेवटपर्यंत तिथेच राहिली आणि १९६४ मध्ये वारली. गोदी अजून चालू आहे.

आपल्या पुरवणीतल्या त्याच ओळींत डनिच या गावाचाही उल्लेख एका दमात आला आहे. ते प्रकरण वेगळं. डनिच पूर्व किनाऱ्यावर सफकमध्ये, मऊ वाळूच्या कड्यावर. मध्ययुगात मोठं बंदर होतं. १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी त्याची वाट लावली आणि शेवटचं जुनं चर्च १९०४ ते १९१९ दरम्यान कड्यावरून तुकड्या-तुकड्यानं खाली गेलं. गाव जवळजवळ नाहीसं झालं तरी १८३२ पर्यंत तिथून दोन खासदार संसदेत जात होते, ही गंमत वेगळीच. तिथे समुद्राला दोष देता येईल. हॉलसँड्सला नाही.

पुरावा हवा असेल तर उत्तरेला काही मैलांवर स्लॅप्टनला पाहावं. तोच उपसागर, तेच गोटे, आणि तिथे गोट्यांच्या बांधामागे गोड्या पाण्याचं मोठं तळं आजही आहे. बांधावरचा रस्ता २००१ आणि २०१८ च्या वादळांत तुटला, म्हणजे तोही किनारा अजिंक्य नाही. पण तो उभा आहे. आपल्याकडची बरीच मुलं आता इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत, त्यांच्याकडे जाणारे पालक डेव्हनलाही फिरतात. हॉलसँड्सच्या अवशेषांत उतरायला बंदी आहे. वरून सज्जासारख्या जागेतून पाहावं लागतं. २०१२ मध्ये वरचाही भाग घसरला होता, तेव्हा पाटी लावलेली असेल तर ती पाळावी.

आता आपल्या नद्या. नदीची वाळू आणि स्टार्ट बेचे गोटे यांत एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. नदीत दर पावसाळ्यात थोडी वाळू खरोखरच येते. प्रश्न किती येते हा आहे. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, वरचा सगळा भाग जंगल आणि जांभ्याचा. तिथून जाडी वाळू किती सुटणार? खाली नविलुतीर्थचं धरण आहे. घटप्रभेवर हिडकल आहे. दूधगंगेवर काळम्मावाडी, वेदगंगेवर पाटगाव. धरणात पाणी थबकलं की जाडी वाळू जलाशयाच्या तोंडाशीच बसते. दारांतून खाली जातो तो मुख्यतः गाळ. धरणाखालच्या पात्राला ओढे-नाले देतील तेवढीच आवक. त्यात जागोजागी बंधारे. म्हणजे धरणाखालच्या वाळूचा बराचसा भाग आज हॉलसँड्सच्या गोट्यांसारखाच, जुना साठा आहे.

तरी दरवर्षी ऐकू येतं, 'मे महिन्यात खड्डा होता, दिवाळीला भरलेला होता, मग नुकसान कसलं?' तीच चूक. नदीतला खड्डा दोन बाजूंनी भरतो. वरच्या अंगाला खड्ड्याची कड खचत मागे सरकते आणि ती खचण उगमाच्या दिशेनं चालत जाते. खालच्या अंगाला वाळू खड्ड्यात अडकल्यानं पुढे गेलेलं पाणी भुकेलं असतं, ते काठ आणि तळ कुरतडतं. खड्डा भरतो, पण किलोमीटरभर पात्र वीतभर खाली जातं, आणि वीतभर डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती लक्षणं: पुलाच्या खांबाच्या पायाचा चौथरा उघडा पडणं, जॅकवेलच्या (नदीचं पाणी उचलायच्या विहिरीच्या) पाइपचं तोंड उन्हाळ्यात पाण्याच्या वर लटकणं, काठच्या विहिरींचं पाणी पूर्वीपेक्षा महिनाभर आधी तळाला जाणं, काठावरच्या झाडांची मुळं बाहेर येऊन ती पात्राकडे झुकणं.

नियम नाहीत असं नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दीपक कुमार निकालानं वाळू उपशाच्या लहान पट्ट्यांनाही (ठेक्यांनाही) पर्यावरण मंजुरी लागू झाली. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत खोली जास्तीत जास्त तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांतलं जे कमी ते. काठापासून पात्राच्या रुंदीच्या एक-चतुर्थांश आणि किमान साडेसात मीटर अंतर. २०२० च्या तत्त्वांत पुलाच्या वरच्या बाजूला किमान २५० मीटर आणि खालच्या बाजूला किमान ५०० मीटर उपसा नाही, आणि पुनर्भरणाचा अभ्यास म्हणजे पावसाळ्याआधी-नंतरची प्रत्यक्ष मोजणी आवश्यक. आमच्या मते कळीचा मुद्दा हा शेवटचाच. बाकीची अंतरं टेपनं पाहता येतात. पुनर्भरणाचा आकडा मात्र कागदावर कुठून आला, हे सहसा कुणी विचारत नाही.

तो गावालाही मोजता येतो. डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यातून वाचायची उभी मोजपट्टी) भाड्यानं मिळतो. पॉलिटेक्निकची मुलंही हे काम करू शकतात. आधी न हलणारी खूण ठरवावी, पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या दगडी पायरीवर तेलरंगानं. सगळ्या पातळ्या त्या खुणेपासून मोजायच्या. मग पात्र आडवं कापणाऱ्या रेषा घ्याव्यात, पन्नास-पन्नास मीटरवर, दोन्ही काठांवर खुंट रोवून. प्रत्येक रेषेवर दर दोन-तीन मीटरला पातळी. एकदा मेअखेर, एकदा नोव्हेंबरात पाणी उतरल्यावर, त्याच खुंटांवर. दोन वेळच्या छेदांतला फरक म्हणजे क्षेत्रफळ, शेजारच्या दोन छेदांची सरासरी काढून मधल्या अंतरानं गुणलं की घनमीटर, २.८३ नं भागलं की ब्रास. उदाहरण घ्या: पात्र ६० मीटर रुंद, लांबी २०० मीटर, तळ सरासरी अर्धा मीटर खाली गेला, तर ६००० घनमीटर, म्हणजे २१२० ब्रास नदीतून कायमचे गेले.

चुका कुठे होतात, तेही सांगतो. पहिली, फक्त खड्ड्याची मोजणी. रेषा ठेक्याच्या हद्दीबाहेर वर आणि खाली किमान अर्धा किलोमीटर गेल्या पाहिजेत, नाहीतर कुठली वाळू सरकून आली ते कळतच नाही. दुसरी, छेद पाण्याच्या कडेला थांबवणं. काठ ढासळून जी माती पात्रात पडली तीही 'आवक' म्हणून मोजली जाते. तिसरी आणि सर्वांत सोयीची, गाळाला वाळू म्हणणं. काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, पाणी भरा, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तासभर ठेवून द्या. खाली वाळू बसेल, वर गाळाचा थर. बांधकामाच्या वाळूत तो थर आठ टक्क्यांच्या आत हवा असं साइटवर मानतात. महापुरानंतर पात्रात जे नवं साचलेलं दिसतं त्याची ही परीक्षा करावी. निम्मी बरणी गाळाची निघाली तर ठेक्याच्या कागदात ती वाळू म्हणून येता कामा नये.

बांधकाम थांबवा असं आमचं म्हणणं नाही. खाणीच्या दगडाची एम-सँड आपल्या भागात सर्रास मिळते. काँक्रीटला ती चांगली चालते, गिलाव्याला चाळून वापरावी लागते. नदीची वाळू घ्यायचीच असेल तर जेवढी येते असं मोजून सिद्ध झालं त्याहून कमीच घ्यावी.

पट्ट्याची जाहिरात निघाली की ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) आणि खाण व भूगर्भ खात्याकडे जिल्हा सर्वेक्षण अहवालाची आणि त्यातल्या पुनर्भरणाच्या मोजणीची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. कागद कन्नडमधून येतो; मराठी गावांनी तो वाचून घेताना एवढंच पाहावं की आधीची आणि नंतरची अशा दोन्ही तारखांच्या पातळ्या त्यात आहेत की एकाच तारखेची. एकाच तारखेची असेल तर आवक मोजलेली नाही, धरून चालली आहे. आणि आधीची पातळी नंतर कधीच घेता येत नाही. हे काम पहिल्या वळवाच्या आत व्हायला हवं.

आपले,
दोन निवृत्त स्थापत्य अभियंते,
टिळकवाडी, बेळगाव